असेंब्ली उघडली की बोल्ट हत्तीएवढे का होतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार जणांचं डिझाइन ऑफिस, काम मुख्यतः एसपीएम (एका ठरावीक कामासाठी बनवलेली खास मशीन) आणि फिक्स्चरचं (काम करताना भाग धरून ठेवणारी रचना), सगळ्यांकडे सॉलिडवर्क्स प्रोफेशनल हे थ्रीडी डिझाइनचं सॉफ्टवेअर, त्यामुळे टूलबॉक्स ही त्यातली तयार बोल्ट-नटांची लायब्ररीही आहे. एकाच्या कॉम्प्युटरवर व्यवस्थित दिसणारी असेंब्ली (सुटे भाग जोडून केलेलं मॉडेल) दुसऱ्याने उघडली की एम ८ चे ॲलन बोल्ट प्लेटपेक्षा मोठे दिसतात, मेट (भागांना जागी बांधणाऱ्या अटी) लाल होतात आणि बीओएममध्ये, म्हणजे लागणाऱ्या भागांच्या यादीत, भलतीच मापं येतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये बोल्टची वेगळी प्रत ठेवावी, असं तुमच्या मनात आहे.

आधी त्या शेवटच्या मुद्द्याचं सांगतो. तसं करू नका. वर्षभरात तुमच्याकडे एकाच नावाच्या पंचवीस-तीस बोल्ट फाइली होतील. आतलं माप प्रत्येकीत वेगळं असू शकेल आणि कोणती खरी हे कुणालाच सांगता येणार नाही. आज जो त्रास आहे तोच पंचवीस ठिकाणी पेरल्यासारखं होईल.

हा दोष नेमका कुठून येतो ते समजून घ्या, कारण ते कळलं की अर्धं काम आपोआप होतं. असेंब्लीच्या फाइलमध्ये बोल्ट नसतो, त्याचा पत्ता असतो. फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे, तिचं नाव काय आणि तिच्यातलं कोणतं कॉन्फिगरेशन (एकाच फाइलमधला एका मापाचा प्रकार) लावायचं, एवढंच तिथे नोंदलेलं असतं. टूलबॉक्सच्या नेहमीच्या पद्धतीत ॲलन बोल्टची एकच मूळ फाइल असते आणि तुम्ही एम ८ × २५ (८ मिमी व्यास, २५ मिमी लांबी) ओढून आणला की त्या मापाचं कॉन्फिगरेशन त्याच फाइलमध्ये तयार होतं. आता सॉलिडवर्क्स इन्स्टॉल करताना कुणी लक्ष दिलं नाही तर ही लायब्ररी सी ड्राइव्हवर, सॉलिडवर्क्स डेटा नावाच्या फोल्डरमध्ये बसते. म्हणजे चार कॉम्प्युटरवर चार लायब्ररी. चौघींत फाइलचं नाव तेच, पत्ताही तोच, पण एम ८ × २५ हे कॉन्फिगरेशन फक्त ज्याने तो बोल्ट लावला त्याच्याच फाइलमध्ये. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरला फाइल सापडते, कॉन्फिगरेशन सापडत नाही, आणि मग त्या फाइलमध्ये शेवटी जे माप सेव्ह झालेलं असेल ते लागतं. बोल्ट हत्तीएवढा होतो तो इथे.

असेंब्ली उघडताना तशी सूचना येते, पण बहुतेक जण ती न वाचता ओके दाबतात. त्यानंतर असेंब्ली सेव्ह केली की चुकीचं कॉन्फिगरेशन कायमचं लिहिलं जातं, आणि मग मूळ माणसाच्या कॉम्प्युटरवरही बोल्ट मोठाच दिसतो. म्हणून ऑफिसात आजच सगळ्यांना एवढं सांगा: कॉन्फिगरेशन सापडत नसल्याची सूचना आली तर फाइल सेव्ह न करता बंद करायची. बाकीची व्यवस्था लावायला चार दिवस लागले तरी चालतील, पण ही सवय आजपासून हवी.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते आणि तिच्यामुळेच हा त्रास कधी होतो, कधी होत नाही. सॉलिडवर्क्स संदर्भ शोधताना सगळ्यात आधी मेमरीत बघतं. एकाच नावाच्या दोन वेगळ्या फाइली ते एका वेळी उघडी ठेवू शकत नाही. सकाळी तुम्ही एक जुनं फिक्स्चर उघडलंत, त्यात सी ड्राइव्हवरचा बोल्ट आहे. ते तसंच उघडं ठेवून सर्व्हरवरची नवी असेंब्ली उघडलीत. तिला हवा असलेला बोल्ट सर्व्हरवर हजर असूनही ती मेमरीतला, म्हणजे सी ड्राइव्हवरचा उचलते. दुपारी सगळं बंद करून पुन्हा उघडलं की तीच असेंब्ली ठीक दिसते. मग लोक नेटवर्कला दोष देतात, कॉम्प्युटर बदलून मागतात. दोष एकाच नावाच्या दोन फाइलींचा असतो.

आता बिघडलेली असेंब्ली दुरुस्त कशी करायची. प्रथम निदान करा. फाइल मेन्यूमधलं फाइंड रेफरन्सेस उघडलं की प्रत्येक पार्ट कुठून आला त्याचा पूर्ण पत्ता दिसतो. बोल्ट, नट, वॉशर यांच्या ओळी बघा. काही सी ड्राइव्हवरून, काही सर्व्हरवरून, काही कुठल्याशा जुन्या डाउनलोड फोल्डरमधून आलेले दिसतील. चारही कॉम्प्युटरवर एकाच असेंब्लीची ही यादी काढून शेजारी शेजारी ठेवा, चित्र स्पष्ट होईल. मग बाकी सगळं बंद करून असेंब्ली उघडताना ओपनच्या खिडकीतच रेफरन्सेस हे बटण दाबा. तिथे फाइल उघडण्याआधीच पत्ते बदलता येतात. उघडल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. जिथे चुकीचं माप आधीच सेव्ह झालंय तिथे रिप्लेस कंपोनंट्स वापरा आणि कॉन्फिगरेशनसाठी नाव जुळवण्याचा पर्याय निवडा. मेट बहुतेक टिकतात. सगळ्या टिकतील असं गृहीत धरू नका, प्रत्येक लाल मेट स्वतः तपासा.

ही झाली मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे ऑफिसची एकच लायब्ररी, एकाच जागी.

सर्व्हरवर एक फोल्डर करा आणि चौघांपैकी ज्याची लायब्ररी सर्वात जास्त वापरली गेली आहे तिची प्रत तिथे ठेवा. नंतर प्रत्येक कॉम्प्युटरवर सिस्टिम ऑप्शन्समध्ये होल विझार्ड (मॉडेलमध्ये भोकं पाडण्याचं साधन) आणि टूलबॉक्स या पानावर त्या फोल्डरचा पत्ता द्या आणि टूलबॉक्सचे पार्ट आधी याच फोल्डरमध्ये शोधायचे, ही खूण चालू करा. पत्ता लिहिताना चौघांनी तो अक्षरशः सारखाच लिहायचा. एकाने झेड ड्राइव्ह म्हणून मॅप केलेलं, दुसऱ्याने वाय म्हणून, तिसऱ्याने सर्व्हरच्या नावाने, असं झालं की फोल्डर एकच असूनही असेंब्लीत तीन वेगळे पत्ते नोंदले जातात. माझा आग्रह सर्व्हरच्या नावाने सुरू होणाऱ्या पूर्ण पत्त्याचा असतो, कारण ड्राइव्हचं अक्षर कधी कोण बदलेल याचा नेम नसतो. शेवटी सी ड्राइव्हवरच्या जुन्या लायब्ररीच्या फोल्डरचं नाव बदला. लगेच काढून टाकू नका. महिनाभर कुठून काही तुटलं नाही तर मग काढा.

याचा एक फायदा लोक विसरतात. होल विझार्डची मापंही याच फोल्डरमधल्या डेटाबेसमधून येतात. म्हणजे लायब्ररी एक केली की एम ८ साठी कोणतं भोक पाडायचं हेही चौघांचं एक होतं. आयएसओ २७३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एम ८ चं मोकळं भोक (बोल्ट आरपार जाण्यासाठीचं) बारीक फिटला ८.४, मध्यमला ९ आणि ढोबळला १० मिमी. एक जण ८.४ पाडतो आणि दुसरा ९, तेव्हा दोन प्लेटा एकमेकींवर बसवताना फिटर भोकं रुंद करत बसतो.

यापुढचा निर्णय मला सर्वात महत्त्वाचा वाटतो: एका फाइलमध्ये शेकडो कॉन्फिगरेशन, की प्रत्येक मापाची वेगळी फाइल? टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय आहेत. छोट्या ऑफिसला मी दुसरा सुचवतो, आणि तो ठामपणे सुचवतो. कारण हे की वेगळी फाइल सापडली नाही तर सॉफ्टवेअर सरळ विचारतं, फाइल कुठे आहे? कॉन्फिगरेशन सापडलं नाही तर ते दुसरंच माप लावून पुढे जातं. वेगळ्या फाइलींत चूक तुमच्या समोर येऊन उभी राहते, कॉन्फिगरेशनमध्ये ती ड्रॉइंगपर्यंत लपून जाते. शिवाय एका फाइलमध्ये मापं साठत गेली की ती फाइल जड होते आणि चौघेही तिच्यातच लिहू पाहतात. वेगळ्या फाइलींची पद्धत घेतलीत तर त्या फाइली कुठे तयार व्हायच्या तो फोल्डरही सर्व्हरवरचाच द्या, नाहीतर पुन्हा प्रत्येकाच्या सी ड्राइव्हवर दुकान सुरू होईल. फाइलच्या नावात मानक, व्यास आणि लांबी तिन्ही यायला हवीत.

जुन्या असेंब्लींत कॉन्फिगरेशनवाले बोल्ट असतील ते तसेच राहू द्या. ज्या कामाला हात लागेल त्याच्यातले बदला. सगळं एकदम बदलायच्या फंदात पडू नका.

आणि लायब्ररी छोटी करा. टूलबॉक्समध्ये आयएस (भारतीय), आयएसओ, डिन (जर्मन), जेआयएस (जपानी), अमेरिकन इंची अशी मानकंच मानकं आहेत. तुमच्या स्टोअरच्या रॅकवर त्यातलं किती असतं? स्टोअरमध्ये जा आणि एक दुपार घालवून यादी करा. माझ्या अनुभवात एसपीएमच्या ऑफिसला ॲलन बोल्ट, हेक्स बोल्ट, काउंटरसंक, ग्रब स्क्रू, नट, साधा वॉशर, स्प्रिंग वॉशर, डॉवेल पिन आणि सरक्लिप एवढ्यावर जवळजवळ सगळं काम भागतं. टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये नको ती मानकं बंद करता येतात, एवढंच नाही तर एकेका व्यासाच्या नको त्या लांब्याही बंद करता येतात. एम ८ ची ५५ मिमी लांबी तुमचा व्हेंडर देत नसेल तर ती डिझाइनरला दिसूच नये. हव्या त्या मापांच्या फाइली आधीच तयार करून ठेवा, मग फोल्डरला लिहिण्याची परवानगी फक्त एका माणसाला द्या आणि टूलबॉक्सच्या सेटिंगला पासवर्ड लावा. तिथे केवळ वाचनासाठी असलेल्या फाइलवर लिहायची वेळ आली तर काय करायचं असा एक पर्याय आहे, त्यात चूक दाखवा हे निवडा. दुसरा पर्याय ती खूण काढून फाइलवर लिहितो, आणि मग कुलूप लावलं काय न लावलं काय.

हा एक माणूस कोण, ते नावानिशी ठरवा. नवीन माप हवं असेल तर त्याच्याकडे मागायचं आणि त्याने ते स्टोअरला विचारून घालायचं. दिवसातून पाच मिनिटांचं काम आहे.

मानकाचं मी एवढं का धरून बसतो त्यामागे एक प्रसंग आहे. पूर्वी मी ज्या ठिकाणी नोकरीला होतो तिथे एका बेसप्लेटमध्ये एम १० हेक्स बोल्टची डोकी खाचेत अडकून राहावीत, म्हणजे वरून नट आवळताना खाली पाना धरावा लागू नये, अशी रचना केली होती. मॉडेलमध्ये बोल्ट आयएसओचा होता. आयएसओ ४०१७ प्रमाणे एम १० च्या डोक्याची समोरासमोरची रुंदी १६ मिमी, म्हणून खाच १६.३ ठेवली. बीओएमवर गेलं फक्त हेक्स बोल्ट एम १० × ४०. खरेदीने जे नेहमी येतं तेच आणलं, डिन ९३३ चे. त्यांची डोकी १७ मिमी. एकही बोल्ट खाचेत बसेना आणि डिस्पॅच दुसऱ्या दिवशी होता. फिटर मंडळींनी रात्री बसून एकेक डोकं ग्राइंडरवर घासलं. ४८ बोल्ट होते. त्यांचे हात बघून मला फार वाईट वाटलं होतं, कारण चूक त्यांच्यापैकी कुणाचीच नव्हती. लायब्ररीतल्या वर्णनात मानकाचा आकडा नव्हता, एवढीच ती चूक.

हा फरक सगळ्या मापांत नसतो, म्हणूनच तो फसवतो. एम ६ आणि एम ८ ला दोन्हीकडे १० आणि १३ मिमीच. एम १० ला डिन १७ आणि आयएसओ १६, एम १२ ला १९ आणि १८, एम १४ ला २२ आणि २१, आणि एम २२ ला उलटं, डिन ३२ आणि आयएसओ ३४. नटची उंचीही बदलते: एम १२ चा डिन ९३४ नट १० मिमी, आयएसओ ४०३२ चा कमाल १०.८. आपलं आयएस १३६४ सध्या आयएसओच्या वळणाने जातं, पण बाजारात डिनचे बोल्ट अजूनही सर्रास मिळतात. वर्कशॉपमधल्या दुतोंडी पान्यांत १६-१७ आणि १८-१९ अशा जोड्या असल्याने आवळताना फरक जाणवत नाही. खाच, काउंटरबोअर (डोकं आत बसावं म्हणून रुंद केलेलं भोक) किंवा सॉकेट पान्याची जागा आली की जाणवतो.

तसंच अर्ध्या आट्यांचं. आयएसओ ४०१४ हा अर्ध्या आट्यांचा, ४०१७ पूर्ण आट्यांचा. १२५ मिमी लांबीपर्यंत ४०१४ च्या आट्यांची लांबी व्यासाच्या दुप्पट अधिक ६ मिमी असते. म्हणजे एम १२ × ६० मध्ये ३० मिमी आटे आणि ३० मिमी कोरा भाग. वरची प्लेट २५ मिमीची आणि खाली टॅप (आटे पाडलेलं भोक) असेल तर कोरा भाग टॅपच्या तोंडाशी अडतो आणि डोकं प्लेटला टेकतच नाही. स्क्रीनवर दोन्ही बोल्ट लांबून सारखेच दिसतात. लायब्ररीत ते दोन वेगळ्या फाइली, दोन वेगळी वर्णनं आणि दोन वेगळे स्टोअर कोड असलेच पाहिजेत.

म्हणून बीओएमची सोय लायब्ररीतच करा. टूलबॉक्सच्या सेटिंगमध्ये प्रत्येक मापाला पार्ट नंबर आणि वर्णन देता येतं. ही यादी एक्सेलमध्ये काढून, भरून, परत आत घेता येते, त्यामुळे एकेक टाइप करायची गरज नाही. पार्ट नंबर म्हणजे तुमच्या स्टोअरचा आयटम कोड. वर्णन असं: ॲलन बोल्ट एम ८ × २५, आयएसओ ४७६२, १२.९, काळा. ताकदीचा वर्ग, ८.८ की १०.९ की १२.९, आणि कोटिंग हे आकारात दिसत नाही, पण खरेदीला तेच लागतं. हे एकदा भरलं की डिझाइनरने बोल्ट ओढला तेव्हाच खरेदीची ओळ तयार झाली. हाताने लिहिलेल्या बीओएमवर माझा विश्वास उरलेला नाही.

आटे मॉडेलमध्ये कसे दाखवायचे हे काहीजण विचारतात. कॉस्मेटिक, म्हणजे फक्त दाखवण्यापुरते, ठेवा. खरोखर कापलेले आटे हजार बोल्टच्या असेंब्लीत घातले तर ती फिरवता येणार नाही.

सॉलिडवर्क्सची आवृत्ती बदलताना मात्र फार जपा. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुन्या आवृत्तीत तशीच उघडून नेहमीसारखं काम करता येत नाही. चौघांपैकी एकाने नवी आवृत्ती टाकली आणि इन्स्टॉल करताना सामायिक लायब्ररी अपग्रेड करायला हो म्हटलं, की बाकी तिघांचे बोल्ट दुसऱ्या सकाळी उघडत नाहीत. लायब्ररीची पूर्ण प्रत आधी वेगळ्या डिस्कवर घ्या, सुट्टीच्या दिवशी चारही कॉम्प्युटर एकाच वेळी बदला आणि प्रत्येक इन्स्टॉलेशनमध्ये टूलबॉक्सचा पत्ता सर्व्हरचाच दिलाय ना हे बघा. तिथला मूळ पत्ता तसाच ठेवला की सी ड्राइव्हवर नवी लायब्ररी उगवते आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरून येणाऱ्या मॉडेलचं एक स्वतंत्र प्रकरण आहे. टूलबॉक्सच्या प्रत्येक पार्टवर आत एक खूण असते, मी टूलबॉक्सचा आहे असं सांगणारी. ग्राहकाने पाठवलेल्या असेंब्लीतल्या बोल्टवर ती असेल तर तुमचं सॉफ्टवेअर तो बोल्ट तुमच्या लायब्ररीत शोधतं, आणि त्याच नावाची तुमची फाइल त्याला लावतं. तुम्ही पाठवलेल्या असेंब्लीचं ग्राहकाकडे हेच होतं. पाठवताना पॅक अँड गो (असेंब्ली आणि तिच्या सगळ्या फाइली एकत्र घेण्याची सोय) करा, त्यात टूलबॉक्सचे पार्ट सोबत घ्या ही खूण चालू ठेवा. ग्राहकाला मॉडेलमध्ये बदल करायचे नसतील तर सरळ स्टेप फाइल (इतर कॅड सॉफ्टवेअरमध्येही उघडणारी) द्या. आलेल्या मॉडेलच्या बाबतीत बोल्टच्या प्रतींवरची खूण काढून टाका. त्यासाठी सॉलिडवर्क्सच्याच इन्स्टॉलेशनमध्ये, टूलबॉक्सच्या डेटा युटिलिटीज फोल्डरमध्ये, एसएलडी सेट डॉक प्रॉप नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. फाइली निवडायच्या आणि टूलबॉक्स पार्ट नाही असं ठरवायचं. त्यानंतर फाइलच्या नावापुढे ग्राहकाचं संक्षिप्त नाव लावा, म्हणजे मेमरीत तुमच्या बोल्टशी टक्कर होणार नाही. नाव विंडोजमध्ये बदलू नका. सॉलिडवर्क्समधूनच, किंवा पॅक अँड गो करतानाच बदला, नाहीतर असेंब्लीला नवं नाव कळणार नाही.

ऑफिसात पुढे एखाद्या कॉम्प्युटरवर सॉलिडवर्क्स स्टँडर्ड घेतलंत तर त्यावर टूलबॉक्स नसेल. तरी सर्व्हरवरच्या तयार फाइली डिझाइन लायब्ररीतून ओढता येतात. त्यांना मेट रेफरन्स (बोल्टचा कोणता भाग कुठे टेकायचा याची आधीच दिलेली खूण) देऊन ठेवलात तर बोल्ट भोकाजवळ नेताच आपोआप बसतो. वेगळ्या फाइलींची पद्धत मला पटते त्याचं हेही एक कारण.

मशीन डिस्पॅच झालं की त्याच्या अंतिम असेंब्लीचं बोल्टसकट पॅक अँड गो करून बंद फोल्डरमध्ये ठेवा. प्रोजेक्टमध्ये बोल्टची प्रत ठेवायची ती फक्त इथे, काम संपल्यावर. सहा-सात वर्षांनी त्या ग्राहकाचा सुट्या भागासाठी फोन येतो, तेव्हा लायब्ररी दोनदा बदललेली असते. ही प्रत उघडताना सिस्टिम ऑप्शन्समधली लायब्ररीत आधी शोधण्याची खूण तेवढ्यापुरती बंद करा, दुसरी कोणतीही फाइल उघडी ठेवू नका आणि काम झाल्यावर ती खूण परत चालू करा.

सुरुवात येत्या शनिवारी करा. सकाळी चौघांच्या फाइंड रेफरन्सेसच्या याद्या, दुपारी स्टोअरची यादी, आणि सर्व्हरवरचा फोल्डर संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर. सोमवारी प्रत्येकाने एक चालू असेंब्ली उघडून पत्ते तपासायचे आणि सी ड्राइव्ह कुठेही दिसला तर त्या एका माणसाला सांगायचं.